बेडकाच्या जिभेचे चार दिवस

१३ जून १९३७, वेल्हे

तीन वर्षांचं काम तपकिरी कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून परत आलं. पुडकं स्वयंपाकघरात नेलं आणि डाळ शिजेपर्यंत उघडलं नाही. मग उघडलं. वर मुंबईच्या परीक्षकांचा, डॉ. रेग्यांचा, एकच कागद. मांडणी नेटकी, भाषा स्वच्छ, वगैरे. आणि शेवटी: "आकृती सात निरीक्षणातून नव्हे, कल्पनेतून काढलेली दिसते. निसर्गात असे दृश्य आढळत नाही. पुरावा जोडून ऑक्टोबरअखेर प्रबंध पुन्हा सादर करावा. अन्यथा नोंदणी रद्द समजावी."

म्हणजे मी चित्र रचलं. सरळ शब्द वापरला नाही एवढंच.

स्वतःला एकदा शांतपणे सांगते. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला जीभ म्हणावी अशी जीभ नसते. तोंडाच्या तळाशी राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान उंचवटा, त्यावर बोटांसारखे चार-सहा कोंब. पिल्लू शेवाळ खरवडून खातं, त्याला जीभ लागतच नाही. त्याच पिल्लाचा पुढे बेडूक होतो आणि उडती माशी टिपणारी चिकट जीभ घेऊन काठावर बसतो. ती जीभ येते कुठून? परदेशात सॅलॅमँडर नावाचा प्राणी आहे, दिसायला पालीसारखा, गोत्र बेडकाचं. त्याची जीभ दोन भागांची मिळून होते, असं तिकडच्या लोकांनी दाखवलं आहे: पिल्लाचा जुना उंचवटा, आणि चिकट रस करणाऱ्या ग्रंथींची नवी गादी. आपल्या बेडकाचंही तसंच होतं, एवढंच माझं म्हणणं. पण हा जोड चारच दिवसांत होतो, पुढचे पाय फुटल्यापासून शेपूट जाईपर्यंत. आणि नेमक्या त्या चार दिवसांत प्रयोगशाळेतली पिल्लं मरतात. दर वर्षी. माझे मार्गदर्शक मोघे सर पुण्याच्या नळाच्या पाण्याला दोष द्यायचे. १९३५ साली एक पिल्लू वाचलं. त्याच्या जिभेचा एक काप मी पाहिला, चित्र काढलं, तीच आकृती सात. आठवड्याने ती काच माझ्याच हातून फुटली.

एक पिल्लू, एक काच, तीही फुटलेली. मी परीक्षक असते तर काय लिहिलं असतं?

१४ जून

डॉक्टरांना सांगितलं. (सगळं गाव आमच्या यांना डॉक्टर म्हणतं, मग वहीतही डॉक्टरच.) संस्थानाने भोरहून यांची इथल्या दवाखान्यावर बदली केली तेव्हा मी मनातून रडले होते, की आता काम संपलं. हे मात्र आज म्हणाले, "पुण्याचं पाणी नडत होतं ना? मग इथे तोरण्याखाली पाण्याला काय तोटा आहे? ड्रेसिंगची मागची खोली घे."

मामंजी ओसरीवर बसले होते. भोरच्या कचेरीत तीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी अंगातून गेलेली नाही. म्हणाले, "सूनबाई, दवाखान्याच्या इमारतीत बेडूक पाळण्याचा हुकूम आहे का?"

मी म्हटलं, "मनाईचा तरी कुठे आहे?"

यावर ते उठून आत गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१८ जून

ठकुबाई आमच्याकडे दूध घालतात. त्यांच्या नवऱ्याचं, रखमाजींचं, घर ओढ्यापलीकडे, भाताची खाचरं आमच्या मागच्या दारातून दिसतात. त्यांना म्हटलं, मला बेडकांची अंडी हवीत. दुधाचं माप हातात तसंच राहिलं त्यांचं.

"औशदाला?"

"शिकायला."

"बेडकाकडनं काय शिकनार, बाई?"

"त्याला जीभ कशी येते ते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येती खरी. आमी कदी बगितलं न्हाई." आणि दुपारी पितळेच्या तपेलीत अंड्यांचे पुंजके घेऊन दारात हजर.

२ जुलै

सहा काचेच्या बरण्या, दोन घमेली, तीनशेच्या वर पिल्लं. उकडलेल्या माठाच्या पानांवर तुटून पडतात. दररोज दोन-तीन, टिकावीत म्हणून, फॉर्मॅलिनमध्ये घालून ठेवते. भिंगाने उंचवटा स्पष्ट दिसतो, कोंबही मोजता येतात. पण आत काय चाललंय ते भिंगाने कसं कळणार? मोघे सरांनी काप काढायचं जुनं यंत्र दिलं आहे, सूक्ष्मदर्शक मात्र देता आला नाही. कॉलेज सुरू आहे, विद्यार्थ्यांना पुरत नाहीत. म्हणजे पातळ काप करून ठेवायचे आणि ते बरोबर आलेत की वाया गेलेत हे पुण्याला गेल्यावर कळायचं. डोळे बांधून भरतकाम करण्यासारखं आहे.

मामंजी रोज सकाळी पूजा आटोपून खोलीच्या दारात उभे राहतात. आत येत नाहीत. आज विचारलं, "काल एकशे चौऱ्याहत्तर होती त्या मोठ्या घमेल्यात. आज एकशे एकाहत्तर आहेत. तीन कुठे गेली?"

मी म्हटलं, "मी काढून घेतली."

"नोंद?"

नोंद नव्हती. माझ्या कामावर डोळा ठेवतात. चूक सापडावी म्हणून पिल्लं मोजत बसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

१९ जुलै

पुढचे पाय फुटले! सकाळी एकाचा डावा कोपर कातडीतून बाहेर आलेला, दुपारपर्यंत सोळा जणांचे दोन्ही पाय, रात्रीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे. तोंडं रुंद व्हायला लागली. आता चार दिवस. बरण्यांमधलं पाणी ओढ्याचं, ताजं, गार. पुण्याचं नळाचं नव्हे. देवा, आता तरी.

२१ जुलै

सगळी मेली. एकूण एक. पोटं वर करून तरंगत होती.

२२ जुलै

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहायला हवं तेच लिहिते. पाणी दोषी नव्हतं. मग १९३५चं ते एक पिल्लू तरी मी नीट पाहिलं होतं का? मला दोन भागांची जीभ दिसावी अशी इच्छा होती; सॅलॅमँडरचं चित्र महिनाभर टेबलावर होतं. जे पाहायचं होतं तेच पाहिलं असेन, तर डॉ. रेगे बरोबर आहेत आणि मी खोटारडी नसले तरी त्याहून फार चांगलीही नाही. डॉक्टर तापाचे रोगी बघायला विंझरला गेले आहेत. बरं झालं. त्यांनी धीर दिला असता तर रडले असते.

२३ जुलै

हे सविस्तर लिहिते.

मेलेली पिल्लं परसात पुरत होते. ठकुबाई दूध घेऊन आल्या, तपेली खाली ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "बुडाली व्हय?"

मला राग आला. "ठकुबाई, बेडूक पाण्यात बुडेल का?"

"बेडूक न्हाई बुडनार. पिल्लू बी न्हाई. मधलं बुडतं."

"मधलं म्हणजे?"

"न्हाई का, हात आल्यालं, शेपूट न्हाई गेल्यालं? आमच्या गुरांच्या पान्याच्या डोणीत लई मरत्यात. त्येला वर याचं असतं आन जागा नसती. मग आमचा म्हातारा डोणीत एक धोंडा टाकायचा, पान्याच्या वर डोकं काढंल असा. की मंग बसत्यात वर वळीनं, नव्या नवरीवानी."

मी मातीच्या हातांनी तशीच उभी राहिले. कल्ले मिटलेले असतात. फुप्फुसं चालू झालेली असतात. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते! त्या चार दिवसांत तो ना धड पाण्यातला, ना धड जमिनीवरचा. त्याला हवा हवी, आणि आम्ही त्याला उभ्या भिंतीच्या काचेच्या बरणीत ठेवून पाणी कुठलं चांगलं याचा वाद घालत होतो. १९३५चं पिल्लू कसं वाचलं असेल? त्या बरणीत कुणीतरी शिंपला टाकला होता, आता आठवतं.

मी ठकुबाईंचा हात धरला. त्या म्हणाल्या, "आवं बाई, माती लागली."

२४ जुलै

ठकुबाई, त्यांच्या जाऊबाई फुलाबाई आणि मी, तिघी खाचरांतून फिरलो. मागचे पाय आलेली, मोठी पिल्लं हवी होती म्हणजे वेळ वाचेल. इरल्यांखाली वाकून वाकून पाठी मोडल्या. दोनशे दहा मिळाली. प्रत्येक घमेल्यात ओढ्यातला एक उतरता धोंडा.

२६ जुलै

मामंजींशी भांडण. पहिल्यांदाच तोंड उघडून भांडले त्यांच्याशी, लाज वाटते आहे आणि वाटत नाहीही.

ते आज पहिल्यांदा खोलीत आले. माझी वही उघडली. "यात तारीख आहे, तास नाही. पिल्लू आहे, नंबर नाही. उद्या कुणी विचारलं की हे सोळाचं का सतराचं, तर काय दाखवाल? आणि हा काप," भिंतीवरच्या आकृती सातकडे बोट करून म्हणाले, "सुलटा की उलटा, कशावरून ठरवलंत? कागद हातात आला की त्याचा माथा कुठला हे आधी पाहावं लागतं."

मी म्हटलं, "मामंजी, ही कचेरी नाही. आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"खरं आहे," म्हणाले. "मला काडीचं कळत नाही." आणि बाहेर गेले.

२७ जुलै

मामंजी पहाटेच रखमाजींच्या गाडीने भोरला निघून गेले. दाढ दुखते म्हणाले. दाढेचं निमित्त आहे, माझ्यावर रागावून गेले हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. डॉक्टर नेहमीसारखेच दवाखान्यात गेले, त्यामुळे आणखी वाईट.

२९ जुलै

मामंजींचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. सुलटा की उलटा? १९३५ साली मी जीभ जबड्यापासून वेगळी काढून, नुसती तेवढीच मेणात बसवून कापली होती. इतक्या लहान तुकड्याची पुढची बाजू कुठली, मागची कुठली? मला वाटलं होतं, मला कळतंय.

यापुढे जीभ वेगळी काढायची नाही. खालच्या जबड्याचं टोक जोडूनच कापायचं. मग पुढची बाजू कुणालाही दिसेल. त्यांना पत्र लिहून सांगावं का? नको. आधीच रागावलेत.

१ ऑगस्ट

मामंजी परतले. दाढ तशीच आहे. येताना सोबत जाड पुठ्ठ्याची, लाल शिवणीची नोंदवही आणली. उभ्या रेघा मारलेल्या, रकाने पाडलेले, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात मथळे: नंबर, तारीख, तास, पाय, शेपटीची लांबी, शेरा. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मला तुमच्या बेडकांत रस नाही. पण नोंद ही नोंद असते."

मी नमस्कार केला. त्यांनी घाईने पाय मागे घेतले.

५ ऑगस्ट

पाय फुटायला लागले.

६ ऑगस्ट

जिवंत आहेत. सकाळी खोली उघडली तर धोंड्यावर अकरा जण, शेपट्या पाण्यात सोडून. ठकुबाई म्हणतात तशीच, नव्या नवरीसारखी.

९ ऑगस्ट

शेवटचं शेपूट गेलं! दोनशे दहांपैकी आपणहून मेली ती फक्त वीस. दर सहा तासांनी तीन-तीन काढून घेतली, चार दिवस, एकही खाडा नाही. पहाटेची पाळी मामंजींनी घेतली. म्हणतात, वयामुळे त्यांना तशीही झोप नसते. एक्कावन्न पिल्लं नंबरवारीने बाटल्यांत आहेत. उरलेली ठकुबाईंनी ओढ्यावर नेऊन सोडली. निरोप देताना "नीट राहा" म्हणाल्या त्यांना.

१५ ऑगस्ट

नवंच संकट. मांसातलं पाणी अल्कोहोलने पूर्ण काढून टाकल्याखेरीज मेण आत शिरत नाही. इथली हवा अशी ओली की शुद्ध अल्कोहोलच हवेतलं पाणी पितं. चार तुकडे दुधासारखे पांढरे झाले. फुकट गेले.

परवा डॉक्टर रोगी संपवून आत आले, पांढरे तुकडे पाहिले, आणि औषधांच्या कपाटातून मोरचूद काढला. निळे खडे तव्यावर भाजले, पार पांढरी राख होईपर्यंत. फडक्यात पुरचुंडी बांधून अल्कोहोलच्या बाटलीत सोडली. "पाणी मिळालं की पुन्हा निळी होईल. निळी झाली की बदल." काल सकाळपर्यंत पुरचुंडी निळी झाली होती. तीनदा बदलली. चौथ्यांदा पांढरीच राहिली!

तवा मात्र बाद झाला. भाकरीसाठी फुलाबाईंकडून आणला आहे.

२१ ऑगस्ट

विश्वास बसत नाही. भोरच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्यांनी शाळेचा सूक्ष्मदर्शक पाठवला. लाकडी पेटीत, गवतात बसवून, गाडीवानाच्या मांडीवरून. दिवाळीपर्यंत ठेवा म्हणतात. माझ्या कामाचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मोघे सरांनी लिहिलं असेल. अशी गुणग्राहक माणसं जगात आहेत! चिठ्ठीत शेवटी लिहिलंय, "शिरस्तेदारसाहेबांना साष्टांग नमस्कार. शाळेच्या पायऱ्यांवर पुन्हा असे तीन दिवस बसू नयेत, ही प्रार्थना." दाढेच्या वैद्याकडे जाताना दमून बसले असतील. मुख्याध्यापक विनोदी दिसतात. चिठ्ठी मामंजींना वाचून दाखवली तर ते म्हणाले, "हं," आणि तुळशीला पाणी घालायला उठले.

५ सप्टेंबर

तीन दिवस ढग हटले नाहीत, सूक्ष्मदर्शकाच्या आरशात उजेडच पडेना. आज अकराच्या सुमारास गडामागून ऊन आलं. पिल्लू नंबर तेवीस, दुसऱ्या दिवसाची दुपार.

दिसलं.

जुना उंचवटा, कोंब झडायला लागलेले. आणि त्याला येऊन भिडणारी नवी गादी, ग्रंथींच्या खोल नळ्यांनी भरलेली, कापाला दिलेल्या जांभळ्या रंगात अशी उठून दिसणारी, की आंधळ्यालाही चुकणार नाही. दोन भाग! दोघांमध्ये अजून एक बारीक फट. नंबर सव्वीसमध्ये फट निम्मी. नंबर एकतीसमध्ये नाही. एकतीसमध्ये जीभ आहे, पुरी, बेडकाची.

मी किंचाळले असेन, कारण डॉक्टर रोग्याची नाडी सोडून धावत आले.

६ सप्टेंबर

काल आनंदात एक गोष्ट पाहिलीच नाही. आज नोंदवहीशी ताडून पाहिलं. जबड्याचं टोक प्रत्येक कापात आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही. ग्रंथींची गादी जबड्याच्या बाजूने येते, जुन्या उंचवट्याच्या पुढून. माझ्या आकृती सातमध्ये ती मागून येताना दाखवली आहे.

१९३५चा तो काप काचेवर उलटा बसला होता. मी उलटा काढला, प्रबंधात उलटाच घातला आणि वर "घसा" नि "जबडा" अशी नावं बेधडक चुकीच्या टोकांना घातली.

म्हणजे डॉ. रेग्यांनी लिहिलं ते खरंच आहे. निसर्गात असं दृश्य आढळत नाही.

१४ सप्टेंबर

मोघे सरांचं उत्तर आलं. अभिनंदनाने ओसंडून वाहतंय. पण पुढे लिहितात की जुनी आकृती गुपचूप वगळावी, नवी घालावी, उलटसुलटीचा उल्लेख नको, "परीक्षकाच्या हातात आपण होऊन काठी देऊ नये." डॉक्टरांनाही ते पटतं. "निष्कर्ष बरोबर निघाला ना? मग?"

मलाही पटत होतं, हे लिहून ठेवते. दुपारभर पटत होतं. मामंजी नवी चित्रं शाईने गिरवत बसले होते. (माझ्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई त्यांची, माझा हात कापतो, त्यांचा नाही.) त्यांना विचारलं, "कचेरीत मोठी चूक झाली तर काय करत होता?"

मान वर न करता म्हणाले, "एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. पान फाडायचं नाही. पान फाडलेल्या वहीवर मी कधी विश्वास ठेवला नाही."

जुनी आकृती सात तशीच ठेवते आहे, तिच्यावर एक रेघ. शेजारी सात-अ. खाली माझी कबुली, माझी सही.

२३ ऑक्टोबर

प्रबंध गेला. रखमाजींनी मेणकापडात गुंडाळून गाडीतून नसरापूरला नेला, तिथून पुण्याच्या मोटारीत. चौऱ्याऐंशी काचा वेगळ्या पेटीत, नंबरवार. रखमाजी म्हणाले, "बाई, बैल पळवनार न्हाई. अंड्यावानी नेतो." भीती वाटते. रेघ मारलेलं ते पान आता मागे घेता येणार नाही. पण मागे घ्यावंसं वाटतं का? नाही. आज तरी नाही.

११ डिसेंबर, पुणे

तोंडी परीक्षा झाली. जसं झालं तसं लिहिते.

डॉ. रेगे वयस्क, बारीक, गळ्यात मफलर. मोघे सर कोपऱ्यात हाताची बोटं मोडत. टेबलावर माझा प्रबंध, नेमका त्या पानावर उघडलेला. डॉ. रेग्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही वगळू शकला असतात."

"हो."

"मला कळलंही नसतं."

"हो."

"मग?"

"तुम्ही बरोबर होता," मी म्हटलं. "तसं दृश्य निसर्गात नाही. पण मी कल्पनेतून काढलं नव्हतं. पाहिलेलंच उलटं काढलं होतं."

त्यांनी तेवीस नंबरची काच मागितली. सूक्ष्मदर्शकावर वाकले ते इतका वेळ, की मला वाटलं काप सापडत नाही. मग सव्वीस, मग एकतीस, मग पुन्हा तेवीस. शेवटी डोळा उचलला तेव्हा मफलर सुटून टेबलावर पडला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"मी मुंबईत हे चार वर्षं करत होतो," म्हणाले. "सगळी मरायची. या दिवसांचा एकही काप माझ्याकडे नाही. म्हणून तुमची आकृती पाहिली तेव्हा..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. "तुम्ही यांना जगवलंत कसं?"

"धोंडा ठेवला."

"काय?"

"पाण्याच्या वर डोकं काढेल असा धोंडा. पिल्लांना वर यायला जागा लागते. बुडून मरत होती ती."

मोघे सरांनी बोटं मोडणं थांबवलं. डॉ. रेगे मोठ्याने हसले, असे की दाराबाहेरचा शिपाई डोकावला. "चार वर्षं!" पुन्हा हसले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वेल्ह्याच्या ठकुबाईंनी."

"कुठल्या कॉलेजात असतात?"

"आमच्याकडे दूध घालतात."

त्यांनी पेन उघडलं. आभाराच्या पानावर ठकुबाईंचं नाव आहे का ते पाहिलं. होतं. मामंजींचंही होतं. ठकुबाईंच्या नावाखाली त्यांनी हळूच एक रेघ ओढली, खोडायची नव्हे, खालून, आणि म्हणाले, "हे छापून येईल तेव्हा हे नाव पहिल्या पानावर घ्या. जा आता. मला या काचा आणखी तासभर पाहायच्या आहेत, आणि तुम्ही समोर असताना मला लाज वाटते."

बाहेर आले. पायऱ्या उतरले. मग रस्त्यात, चार माणसांदेखत, पुण्याच्या भर दुपारी, मी पळत सुटले.

९ जानेवारी १९३८, वेल्हे

विद्यापीठाचं पत्र काल आलं. आज बाजाराचा दिवस. दवाखान्याच्या ओट्यासमोर भाजीवाल्या, गूळवाले, गडाखालच्या वाड्यांची माणसं. डॉक्टरांनी पत्र मामंजींच्या हातात दिलं, "तुम्हीच वाचा." मामंजी कोट-पगडी घालून ओट्यावर उभे राहिले आणि जाहीरनामा वाचावा तसं वाचू लागले, एकेक वाक्य इंग्रजीत आणि मग मराठीत: मुंबई विद्यापीठ, मास्टर ऑफ सायन्स, परीक्षकांची विशेष शिफारस. "सौभाग्यवती सौदामिनी" इथे आले आणि थांबले. दोनदा खाकरले. पत्र डॉक्टरांकडे देऊन आत पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. बाजारात धूळ फार उडते, त्यांच्या घशाला ती सोसत नाही.

खाली कुणाला काय कळलं कोण जाणे, पण रखमाजी ओरडले, "बाईंनी गड घेतला!" आणि सगळा बाजार हसला, शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

मग मी सूक्ष्मदर्शक बाहेर आणला. भोरच्या मुख्याध्यापकांनी दिवाळीची मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढवून दिलीय, शाळेतल्या मुलामुलींना येऊन दाखवा या अटीवर. ओट्याच्या कडेला, उन्हात ठेवला, आरसा फिरवला, एकतीस नंबर लावली. "बघायचं असेल त्यांनी या." आधी कुणी येईना. मग फुलाबाई आल्या, मग एकदम रांगच लागली. पाठीवर पोरं घेतलेल्या बाया, घोंगडीवाले म्हातारे. तोवर मामंजी बाहेर आले होते. डोळा कसा लावायचा, दुसरा कसा मिटायचा, जांभळं दिसतं ते काय आणि गुलाबी ते काय, हे प्रत्येकाला न चुकता सांगत होते. एका ठिकाणी ते माझ्यापेक्षा बरोबर सांगत होते.

ठकुबाई सर्वांत शेवटी आल्या. डोईवरची पाटी उतरवली, पदराने हात पुसले, वाकल्या.

"दिसतं का?" मी विचारलं.

त्या आणखी वाकल्या. मामंजींनी आरसा जरा सरळ केला.

"थांबा," त्या म्हणाल्या, "हलवू नगा."

रांगेत पुन्हा बघायला आलेली माणसं मागून ओरडू लागली, ठकुबाई, आवरा, आमास्नी बी बगू द्या. रांग पार गूळवाल्यापर्यंत गेली. ठकुबाई जागच्या हलल्या नाहीत.